टाकळा, गोवा पावडर आणि कोलशेतचा रस्ता



ठाण्याला कापूरबावडीहून निघून ढोकाळी मागे टाकली, की कोलशेतचा रस्ता लागतो. खाडीकाठचे हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. आज तेथे उंच उंच इमारती उभ्या आहेत. परंतु आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या पिढीला हा रस्ता कारखान्यांच्या भोंग्यांनी ओळखू येत असे. बायर आणि सँडोज या दोन परदेशी कंपन्यांचे मोठे कारखाने येथे होते. सँडोजचा रसायन विभाग १९९५ साली क्लॅरियंट या नावाने वेगळा झाला आणि पाटी बदलली. २०१० नंतरच्या काही वर्षांत या दोन्ही ठिकाणच्या जमिनी घरबांधणी करणाऱ्यांकडे गेल्या. टपालाच्या पत्त्यात मात्र ‘सँडोज बाग’ हे नाव राहून गेले. राबोडी, महागिरी, भिवंडी, कल्याण येथील कितीतरी घरांची चूल या कारखान्यांच्या पगारावर पेटत असे, हे तुमच्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

या लेखात मी कारखान्यांचा इतिहास सांगणार नाही. विषय त्याहून घरगुती आहे. अंगाला सुटणारी खाज, कोरड्या टाळूवरचा कोंडा, नायटा, गजकर्ण आणि त्यांवर आपण लावतो तो झाडपाला, हा आपला विषय. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, तह असतात. खाज कोठेच नसते. वास्तविक पाहता राजापासून रंकापर्यंत सर्वांना छळणारी अशी दुसरी गोष्ट नाही. आणि या खाजेचा माग काढीत गेले असता आपण गोव्याहून ब्राझीलला, तेथून लंडनला, तेथून जर्मनीला जाऊन पुन्हा कोलशेतच्या रस्त्यावर येतो. कसे ते पाहा.

पहिला पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले, की आपल्या भागात रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, कुंपणाच्या आडोशाला टाकळा उगवतो. पानांच्या जोड्या, पुढे पिवळी फुले आणि विळ्यासारख्या वाकड्या शेंगा. आगरी आणि वारली बायका त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. आपल्याही काही घरांत ती होते. याच टाकळ्याचे बी लिंबाच्या रसात किंवा ताकात वाटून गजकर्णावर लावण्याचा प्रघात फार जुना आहे. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात आणि दुसरे नाव दद्रुघ्न, म्हणजे दद्रूचा नाश करणारा. उर्दूतील ‘दाद’ हा शब्द याच दद्रूचा वंशज होय. हकीम मंडळी या वनस्पतीला पंवाड म्हणून ओळखतात. एकाच झुडपाने वैद्य, हकीम आणि आगरी आजीबाई अशा तिघांच्या झोळीत जागा मिळविली आहे. हे झुडूप पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता गोव्याकडे वळू. त्वचेच्या औषधांसंबंधी पोर्तुगीज अमलातील गोव्याने आपल्याला दोन गोष्टी दिल्या. एक पुस्तक दिले आणि एक पूड दिली. पुस्तकात सारे काही लिहिलेले होते. पुडीविषयी कोणीच काही लिहिले नव्हते.

पुस्तक गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचे. ते १५६३ साली गोव्यात छापले गेले. हा गृहस्थ अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करीत असे. तेथील मुसलमान हकिमांशी त्याच्या चर्चा होत. पोर्तुगीज राजाकडून मुंबई बेटही त्याला खंडाने मिळाले होते. त्याचे पुस्तक संवादरूप आहे. दोन वैद्य बोलत बसले आहेत आणि एकेका औषधाची चिरफाड करीत आहेत, असा थाट. त्यातील दुसराच संवाद कोरफडीवर आहे. अरब, इराणी व तुर्क तिला काय म्हणतात, गुजराती व दख्खनी काय म्हणतात, किनाऱ्यावरचे लोक काय म्हणतात, हे तो आधी नोंदवितो. किनाऱ्यावरचे नाव त्याने ‘कातेकोमेर’ असे लिहिले आहे. त्यात आपला ‘काटेकुंवार’ स्पष्ट ऐकू येतो. अरबी नाव ‘सब्र’. हाच शब्द पोर्तुगीज भाषेत ‘अझेव्रे’ आणि स्पॅनिशमध्ये ‘असीबार’ होऊन बसला आहे. सब्र म्हणजे धीर आणि सब्र म्हणजे कोरफडीचा कडू रसही. ज्याने तो चाखला आहे त्याला या दोन शब्दांचे नाते समजावून सांगावे लागत नाही! इब्न सीनासारख्या थोर हकिमांचे लिखाण ऑर्ताने बारकाईने वाचले होते. पण डोळ्यांनी पाहिलेले आणि ग्रंथात वाचलेले जुळले नाही, तर तो तसे स्पष्ट सांगतो. दुर्दैव असे, की ऑर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. १५६८ साली तो मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायालयाने जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर युरोपात पोहोचले होते.

पुडीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधबाजारात ‘गोवा पावडर’ या नावाची एक पूड मिळत असे. ताजी असताना ती फिकट पिवळी दिसे, ठेवली की तपकिरी-जांभळी पडे. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगारमध्ये कालवून नायट्यावर लावायची. गुण येई, यात वाद नव्हता. गोव्याचे ख्रिस्ती लोक ती वापरीत व विकीत. पण ती कोणत्या झाडाची, कोठून येते, कशी करतात, हे बाहेर कोणास ठाऊक नव्हते. १८६४ साली मुंबईतील औषधविक्रेते केम्प यांनी लंडनच्या औषधशास्त्रीय नियतकालिकाचे लक्ष तिच्याकडे वेधले. तरीही मूळ सापडेना. दहा वर्षांनी, १८७४ साली, कलकत्त्यात दीर्घकाळ सेवा केलेले डॉक्टर जोसेफ फेरर यांनी या पुडीच्या गुणाविषयी एका वैद्यकीय पत्रात लिहिले.

आणि येथे एक गंमत झाली. फेररांचे टिपण समुद्रापार ब्राझीलमधील बाहिया या बंदरात जाऊन पोहोचले. तेथील डॉक्टर द सिल्व्हा लिमा यांनी ते वाचले आणि ओळखले, की ही तर आपल्याकडची ‘अरारोबा’! बाहियाच्या दमट जंगलात एक उंच वृक्ष होतो. त्याच्या खोडातील भेगांत आणि पोकळ्यांत ही पूड आपोआप साठते. लाकूडतोडे झाड पाडून, ओंडके फोडून ती खरवडून काढतात. आणि त्या वेळी ती डोळ्यांत व तोंडावर उडाली तर विलक्षण आग होते. पोर्तुगालहून गोव्याला येणारी जहाजे अनेकदा बाहियाला थांबत असत. ज्या मार्गाने आपल्या कोकणात काजू आला, त्याच मार्गाने ही पूड आली. काजूचे झाड झाले, सर्वांना दिसले. पूड मात्र डब्यातच राहिली आणि तिच्यावर गोव्याचे नाव पडले. गोव्यात जिचे एकही झाड नाही ती गोवा पावडर!

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. जे औषध गोव्यात आणि मुंबईत माणसे अंगाला लावीत होती, त्याचे मूळ शोधायला एका माणसाने टिपण लिहावे लागले आणि हजारो मैलांवरच्या दुसऱ्याने ते वाचावे लागले. गुपित पाळणाऱ्यांनी ते किती वर्षे पाळले कोण जाणे; टिपण छापले गेल्यावर ते वर्षभरही टिकले नाही.

पुढची हकीकत वेगाने घडली. १८७५ साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ ॲटफील्ड यांनी पुडीचे पृथक्करण केले आणि तिचा मोठा भाग ‘क्रायसोफॅनिक आम्ल’ असल्याचे सांगितले. हे पिवळे द्रव्य रेवंदचिनीतही असते. आणि आपल्या रस्त्याकडेच्या टाकळ्यातही असते. म्हणजे ज्याच्यासाठी गोव्याची माणसे ब्राझीलची पूड विकत घेत होती, त्याचा जवळचा नातलग कोकणात पावसाळ्यात फुकट उगवत होता. नातलग म्हणतो, कारण तीन वर्षांनी, १८७८ साली, जर्मनीतील लीबरमान आणि सायडलर यांनी ॲटफील्डची चूक दुरुस्त केली. पुडीतील मुख्य द्रव्य क्रायसोफॅनिक आम्ल नसून त्याच्याशी साम्य असलेले पण अधिक तीव्र असे दुसरेच आहे. त्याला ‘क्रायसारोबिन’ हे नाव मिळाले. एकाचे म्हणणे दुसऱ्याने खोडले म्हणून पहिल्याची अप्रतिष्ठा झाली नाही, हेही या कथेत पाहण्यासारखे आहे.

याच सुमारास लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बॅलमॅनो स्क्वायर यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याला होता सोरायसिस. या रोगात कोपरे, गुडघे आणि पुष्कळदा डोक्याची टाळू लाल होऊन तिच्यावर चंदेरी खवले धरतात. लोक त्याला कोंडा समजतात आणि वर्षानुवर्षे केस धूत बसतात. या गृहस्थाने आपल्याला नायटा झाला आहे अशा समजुतीने गोवा पावडर लावली. निदान चुकीचे, औषध चुकीच्या रोगाचे. पण चट्टे कमी झाले. स्क्वायर यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्यांनी इतर रुग्णांवर मलम वापरून पाहिले, अनुभव छापले, आणि १८८० पर्यंत क्रायसारोबिन सोरायसिसवरचे नावाजलेले औषध झाले.

मग १९१४ चे पहिले महायुद्ध आले. इंग्लंडच्या आरमाराने जर्मनीची समुद्रवाट अडविली. ब्राझीलची पूड जर्मनीत येईना. तेव्हा बायर कंपनीच्या रसायनशाळेत क्रायसारोबिनशी मिळतेजुळते द्रव्य कृत्रिम रीतीने तयार करण्यात आले आणि १९१६ साली ड्रेस्डेनचे डॉक्टर गालेव्स्की यांनी त्याचा गुण प्रसिद्ध केला. ‘सिग्नोलिन’ हे त्याचे पहिले नाव. आज डॉक्टर त्याला डिथ्रॅनॉल म्हणतात आणि सोरायसिसवर ते अजूनही, जपून, वापरतात. जपून अशासाठी, की तेही कातडी जाळते आणि कपड्यांवर जांभळट तपकिरी डाग पाडते. ब्राझीलच्या त्या झाडाचा स्वभाव जर्मनीच्या प्रयोगशाळेतही सुटला नाही.

होय, ही तीच बायर, जिचा कारखाना कोलशेतला होता. कोलशेतच्या कारखान्यात हे मलम होत असे, असे मात्र मी म्हणत नाही. तेथे मुख्यतः शेतीची कीटकनाशके आणि इतर रसायने होत. मूळची रंग बनविणारी ही कंपनी. १८६३ साली जर्मनीत निघाली. सँडोजही रंगाचीच, १८८६ ची, स्वित्झर्लंडमधील बाझेलची. रंगाच्या कढईतून औषधाच्या बाटलीपर्यंत या कंपन्या कशा आल्या, हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. रंगाचा मात्र उल्लेख ध्यानात ठेवा. शेवटी त्याच्याशी आपले काम आहे.

आपल्या समाजातील वाचकांना साहजिकच प्रश्न पडेल, की या साऱ्यात आपली माणसे कोठे? आहेत. एकाची कहाणी तर टाळूशीच निगडित आहे.

पाटण्याला १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद १७८४ साली आयर्लंडमध्ये गेले. तेथे त्यांनी आयरिश मुलीशी विवाह केला आणि चर्चचा मार्ग पत्करला. नाव मात्र आयुष्यभर तेच ठेवले. १७९४ साली त्यांनी आपल्या प्रवासांचे पुस्तक लिहिले. इंग्रजीत पुस्तक लिहिणारे ते पहिले भारतीय समजले जातात. १८१० साली लंडनमध्ये त्यांनी हिंदुस्थानी खाणावळ काढली. ती चालली नाही. मग ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी स्नानगृह उघडले. वनस्पती घातलेल्या पाण्याची वाफ द्यायची आणि मग अंगाला व डोक्याला चंपी करायची. ‘चांपो’ या आपल्या शब्दाचे इंग्रजांनी ‘शाम्पू’ केले होते. त्या काळी त्याचा अर्थ बाटलीतला साबण असा नसून मालीश असा होता. लोक इतके वाखाणू लागले, की इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याने त्यांना आपल्या खास सेवेत नेमले. १८२२ साली त्यांनी आपल्या उपचारावर पुस्तक काढले. पण वाफेत कोणत्या वनस्पती घालतात हे त्यांनी उघड केले नाही. धंद्याचे मर्म ते! १८५१ साली ते वारले, आणि काढ्याची कृती त्यांच्याबरोबर गेली.

त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद लंडनच्या गाय रुग्णालयात डॉक्टर झाला. नाडीचा आलेख काढणारे यंत्र त्याने विद्यार्थिदशेतच सुधारले आणि मूत्रपिंडाचा विकार दिसण्याआधीही रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे आलेखांनिशी दाखविले. १८८४ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, विषमज्वराने तो गेला. परंतु त्याने आलेख छापले होते, रुग्णांच्या नोंदी छापल्या होत्या. म्हणून रक्तदाबाच्या इतिहासात त्याचे नाव आजही घेतले जाते. आजोबा त्या काळी अधिक प्रसिद्ध होते, हे सांगितले पाहिजे.

दुसरे नाव सलीमुज्जमान सिद्दिकी यांचे. जर्मनीत फ्रँकफर्टला डॉक्टरेट मिळवून ते परत आले आणि हकीम अजमल खान यांनी दिल्लीत उभारलेल्या तिब्बिया कॉलेजच्या संशोधन विभागात काम करू लागले. हकीमसाहेबांचे १९२७ अखेर निधन झाले होते. परंतु हकिमांच्या औषधांची आधुनिक रसायनशाळेत परीक्षा व्हावी, ही त्यांची इच्छा होती. सिद्दिकींनी १९३१ साली सर्पगंधेतून एक द्रव्य वेगळे केले आणि त्याला ‘अजमलीन’ असे हकीमसाहेबांचे नाव दिले. १९४२ साली त्यांनी कडुनिंबाच्या तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही तीन कडू द्रव्ये वेगळी करून प्रसिद्ध केली. ज्या निंबाच्या पाण्याने आपल्या आया देवी-गोवराची बाळे न्हाऊ घालीत, त्या निंबात नेमके काय आहे, याच्या शोधाची ही मोठी पायरी. १९५१ साली ते पाकिस्तानात गेले. पण हे काम आपल्या याच मातीतले होय.

आता पालकांशी थोडे व्यवहाराचे बोलतो. मी डॉक्टर नाही, इतिहासाचा शिक्षक आहे. तरीही जे निर्विवाद आहे तेवढे सांगण्यास हरकत नसावी. कोरफडीचा आतला पारदर्शक गर थंडावा देतो. परंतु सालीलगतचा पिवळा चीक निराळा. तोच वाळवून मुसब्बर, म्हणजे काळा बोळ, करतात आणि तो कातडीला झोंबतो. म्हणून पान कापून काही वेळ उभे ठेवावे, चीक निथळू द्यावा, मग गर घ्यावा. रिठा आणि शिकेकाई मळ काढतात, पण टाळू मुळातच कोरडी असेल तर रोजच्या वापराने ती अधिक कोरडी होते. कडुनिंबाचे तेल तान्ह्या मुलाच्या पोटात कदापि देऊ नये. त्याने उलट्या, आकडी येऊन बाळे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय पत्रांतून आल्या आहेत. आणि टाळूवरचे खवले दोन-तीन आठवड्यांत हटले नाहीत तर झाडपाला बाजूला ठेवून डॉक्टरला दाखवावे. सरकारी रुग्णालयात त्वचाविभाग असतो. तेथील रांगेचा कंटाळा करून बाजारातल्या बिननावाच्या मलमाची डबी घेण्यात शहाणपण नाही. गोवा पावडरचा तो रुग्ण नशीबवान होता, सगळेच तसे नसतात.

राहिली मेहंदी. मेहंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते, साधारण शंभरात एक-दोन भाग. ते हातावर केशरी ते गडद तांबूस रंग देते आणि त्याला काही तास लागतात. केवळ मेहंदीच्या पानाने काळा रंग येत नाही. जी ‘काळी मेहंदी’ तासाभरात काळीभोर रंगते, तिच्यात बहुधा पॅरा-फिनिलीन-डायअमीन हे डांबरापासून मिळणाऱ्या रंगांच्या कुळातले रसायन घातलेले असते. केसांच्या कलपात ते मर्यादित प्रमाणात वापरतात. युरोपात ते कातडीवर थेट लावण्यास मनाई आहे. काहींच्या हातावर त्याने फोड येतात, आणि एकदा अंगाने ते नाकारले की पुढे जन्मभर साधा कलप लावला तरी त्रास होऊ शकतो.

माझ्या नववीच्या वर्गातील एक मुलगी एका रमजान ईदनंतर आठ दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा उजव्या हाताला पट्टी होती. चाँदरातीला बाजारातून आणलेल्या कोनाने तिने वेल काढली होती. जेथे जेथे वेल होती तेथे तेथे फोड उठले. पान, देठ, फूल, सारे फोडांचे. डॉक्टरांनी विचारले, कोनात काय होते? तिच्या वडिलांनी घरी जाऊन केराच्या डब्यातून कोन शोधून काढला. त्यावर गुलाबाचे चित्र होते आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे छापले होते. बनविणाराचे नाव नव्हते, गाव नव्हते, आत काय आहे ते नव्हते.

पुढे काही दिवसांनी वर्गात पोर्तुगीजांचा धडा चालू असताना मी गोवा पावडरची ही गोष्ट सांगितली. तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली.

“सर, त्या पावडरच्या डबीवर तरी काही लिहिलेलं असायचं का?”

“नुसतं गोव्याचं नाव,” मी म्हणालो, “आणि तेही चुकीचं.”

तिने दप्तरातून वही काढून दाखविली. रिकामा कोन तिने एका पानावर चिकटवला होता. खाली दुकानाची गल्ली, विकत घेतल्याची तारीख, लावल्याची वेळ आणि पहिला फोड दिसल्याची वेळ लिहिली होती. त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. त्या कशासाठी, असे मी विचारले. डॉक्टरांकडे पुन्हा जायचे आहे, ते काय सांगतील ते लिहिण्यासाठी, असे ती म्हणाली.